मधलं बटण

माऊस बिघडला म्हणून मला फोन येतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा माऊस बिघडलेला नसतो. त्याच्या पोटात तंबाखूची पूड गेलेली असते, नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली असते, नाहीतर साहेबांनी रागाच्या भरात तो टेबलावर आपटलेला असतो. चिखलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मशीनची अशी एकही खोडी मला सापडली नव्हती जिच्या मुळाशी शेवटी माणूस नव्हता. हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. आमच्या घरी त्याला माझं प्रवचन म्हणतात.

अमडापूरच्या रेणुकाचा फोन आला तो एप्रिलमधल्या एका दुपारी. बाजाराच्या रस्त्यावर तिचं टायपिंगचं दुकान आहे. तिचे वडील इंद्रभान चाळीस वर्षं अर्जनवीस होते. ते झाडाखाली पेटी मांडून बसत, रेणुका पत्र्याच्या गाळ्यात कूलर लावून बसते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे कागद, सगळं तिच्याकडे. आसपासच्या दहा-बारा खेड्यांत कुणी गेलं की तेरवीनंतरचा पहिला कागद रेणुकाच टाइप करते. दोन वर्षांपूर्वी व्हायरसने तिच्या सगळ्या फायली खाल्ल्या तेव्हा मी तिच्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स चढवलं. तिचं पाहून आणखी आठ टायपिस्टांनी चढवून घेतलं. त्यामुळे तिच्या मशीनला शिंक आली तरी मलाच धावावं लागतं.

"दादा, माऊस सेटिंग ऐकूनच नाई राह्यला," ती म्हणाली. "मधलं बटन तुम्ही बंद करून देलं होतं ना? ते चालू झालं."

मधलं बटण म्हणजे माऊसचं चाक. लिनक्सची ही जुनी खोड आहे. पडद्यावरचा मजकूर नुसता निवडला की मशीन तो लक्षात ठेवतं, आणि चाक दाबलं की बाण असेल तिथे ओतून मोकळं होतं. माहीत असलेल्याला ती सोय वाटते, नसलेल्याला आफत. वारसाच्या कागदावर काम चालू असताना चाकाला चुकून बोट लागलं आणि भलत्याच माणसाचं नाव आत घुसलं, तर दोन घरं कोर्टात जातात. म्हणून टायपिस्टांच्या मशीनवर मी ती सोय पहिल्याच दिवशी बंद करतो.

फोनवर दोन उपाय सांगितले, ते चालले नाहीत, म्हणून गाडी काढली. रस्त्याचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं. रेणुकाच्या गाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास होता आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता. तिने मशीनसमोरची खुर्ची मला दिली आणि पडद्यावरचा कागद दाखवला.

वारसाचं प्रतिज्ञापत्र होतं. मयत हिंमतराव, आडनाव मी देत नाही, ते घर अजून अमडापुरात आहे. वारस तिघे: पत्नी सरस्वतीबाई, मुलगा जीवन, विवाहित मुलगी अनुपमा. त्याखाली ठरलेलं वाक्य, ‘वरील वारसांव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही, हे मी शपथेवर लिहून देते.’ हा कागद सरस्वतीबाईंच्या तोंडचा होता, सही त्यांची व्हायची होती.

आणि त्या वाक्याखाली ही ओळ होती:

‘छाया हिंमतराव, वय ६, अज्ञान, पालनकर्ती आई सरस्वतीबाई, रा. शेगाव.’

कागदाच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन. ज्याच्या हवाली ते मूल असतं आणि जो त्याच्या वतीने सही करतो तो पालनकर्ता. रेणुका म्हणाली की तिने हे टाइप केलं नाही, कुठून निवडलं नाही, चाकाला हात लावला नाही. डाव्या बटणाने बाण त्या वाक्यापाशी नेला की ओळ खाली उतरते. चार वेळा पुसली, चारही वेळा त्याच जागी आली.

मला हसू आलं. आपल्याकडचे टायपिस्ट नवा कागद कधी करतच नाहीत. जुन्या कागदावर नवा चढवतात, नावं बदलतात, आणि एखादं बदलायचं राहून जातं. एकदा एका मयताची सासू अशीच तिसऱ्या गावची निघाली होती. ही छायाही कुठल्यातरी जुन्या कागदातून सांडली असणार, असं मी रेणुकाला सांगितलं आणि सगळी डिस्क त्या नावासाठी धुंडाळली. एकच छाया सापडली. ती महिला बचत गटाची अध्यक्ष होती, वय बावन्न.

मग सेटिंगकडे वळलो. तिथे मधलं बटण बंदच दिसत होतं. पण नुकत्याच आलेल्या अपडेटने माऊसचा कारभार दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेला होता. जुन्या ठिकाणी दिलेला हुकूम कागदावर राहतो, ऐकणारा तिथून उठून गेलेला असतो. असं बऱ्याच जणांचं होतं. मी हुकूम नव्या ठिकाणी लिहिला, पिशवीतून कोरा माऊस काढून लावला, मशीन बंद करून चालू केलं आणि त्या वाक्यापाशी वीसेक वेळा टिचक्या मारल्या. काही उतरलं नाही. रेणुकाने चहा मागवला, आम्ही तिच्या वडिलांच्या अक्षराच्या गोष्टी केल्या आणि मी परतलो. बटण कसं चालू झालं ते मला कळलं होतं. मजकूर कुठून आला ते कळलं नव्हतं, पण दुखणं थांबलं की कारणाची चौकशी सोडून द्यायची, ही आम्हा दुरुस्तीवाल्यांची वाईट सवय आहे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज खाली गेला होता. ताबडतोब या, एवढंच म्हणाली.

गाळ्यात मयताचा मुलगा जीवन उभा होता. सदतीस-अडतीसचा, रापलेला, हातात स्टॅम्प पेपर. रेणुकाने पडद्यावर दोनदा वाचून कागद छापला होता, पडद्यावर ओळ नव्हती. छापलेल्या कागदावर होती. मी ती वाचली आणि पुन्हा वाचली. शेगाव नव्हतं आता. ‘रा. खामगाव’ असं होतं.

"हे नाव इले कोनं सांगतलं?" जीवनने मला विचारलं. रेणुकाकडे तो बघतही नव्हता. "माह्या मायनं पंचवीस वर्सांत तोंडातून काढलं नाई हे नाव. गावात अर्ध्या लोकाईले मालूम बी नाई. मंग इच्या मशीनले कसं मालूम?"

यंत्राची चूक आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, यंत्राला वय कसं कळलं? पुन्हा असं झालं तर इथे मनाला येईल ते टाइप होतं असं तो भर बाजारात सांगणार होता. रेणुकाच्या बापाचं चाळीस वर्षांचं नाव आणि तिचं स्वतःचं पोट त्या एका ओळीवर लटकत होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी जीवनला बाहेर नेलं, लिंबाखाली. तिथे त्याने अडखळत सगळं सांगितलं. छाया ही सगळ्यांत थोरली. ती सहा वर्षांची होती तेव्हा जीवन मांडीवर होता आणि अनुपमाचा जन्मही झाला नव्हता. हिंमतराव पोरीला घेऊन शेगावच्या यात्रेला गेले. रेवड्या घ्यायला थांबले, पुडी बांधून घेताना दोन्ही हात गुंतले, आणि पुडी पोरीच्या हातात देऊन वळले तोवर पोरगी गर्दीत कुठे गेली ते कळलं नाही. महिनाभर शोधलं. गाड्यांतून शोधलं, अकोल्यापर्यंत गेले. बारा वर्षं वाट पाहिली आणि मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. त्या दिवसापासून घरात नाव बंद. रेशन कार्डावर ती कधी चढली नव्हती, जन्माची नोंद नव्हती. कागदोपत्री अशी मुलगी झालीच नव्हती.

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणीतरी ही जुनी गोष्ट उकरून या बाईच्या मशीनमध्ये घुसून खेळ करतोय, अशी माझी खात्री झाली. आत येऊन पहिल्यांदा नेटची वायर उपटली. मग परवाच लावलेला कोरा माऊस खोलला. चाकाच्या खाचेत काहीतरी चिकट होतं. साखर, आणि साखरेत अडकलेला तीळ. दोन लाल मुंग्या त्याला लागल्या होत्या.

इथे बसून गोड खातेस का, असं मी रेणुकाला विचारलं. ती म्हणाली, "मले शुगर हाये, दादा."

मी चाक पुसलं. रेवड्यांवर तीळ असतात हे मला तेव्हाच आठवलं होतं.

माऊसची प्रत्येक हालचाल मशीनला कशी पोचते ते बघायचा एक प्रोग्रॅम असतो. तो चालू केला की काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटते. बटणाच्या नावापुढे एक आला म्हणजे दाबलं, शून्य आला म्हणजे सोडलं. एकाच्या पाठोपाठ शून्य यायलाच हवा, कारण बोट कधीतरी उचलावंच लागतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि रेणुकाला मागे सरकायला सांगितलं. जीवन दारात उभा होता. कूलर बंद केला, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

मधलं बटण: एक.

शून्याची वाट पाहिली. घड्याळात चार मिनिटं गेली. शून्य आला नाही. कुणीतरी बटण दाबून धरलं होतं आणि सोडत नव्हतं.

मी माऊसची वायर काढली. वायर निघाली की त्या यादीतून माऊस नाहीसा होतो, प्रोग्रॅम बंद पडतो. तो बंद पडला नाही. कागदाची फाईल उघडून पाहिली तर ओळ उतरलेली होती. मजकूर कुठल्या खिडकीतून आला हे मशीनला विचारता येतं, तसं विचारलं. उत्तर आलं, कुठल्याच नाही.

‘छाया हिंमतराव, वय ६, अज्ञान, पालनकर्ती आई सरस्वतीबाई, रा. उंद्री.’

शेगावहून निघालं की खामगाव लागतं. खामगावहून चिखलीच्या रस्त्याला लागलं की उंद्री. उंद्रीनंतर अमडापूर. बसच्या कंडक्टरला झोपेतही हा क्रम पाठ असतो. रेणुकाने उठून दाराबाहेर रस्त्यावर खामगावच्या बाजूला पाहिलं आणि परत येऊन बसली.

त्या संध्याकाळी मी चिखलीला माझ्या दुकानात तो सगळा कागद माझ्या लॅपटॉपवर नव्याने टाइप केला, अक्षर अन् अक्षर, माऊसला हात न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन अमडापूरला गेलो आणि रेणुकाच्या प्रिंटरवर कोऱ्या स्टॅम्प पेपरवर छापला. ओळ नव्हती. कागद उजेडात धरून तिघांनी पाहिला. जीवनच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच सैल झाली. सही रेणुकाच्या टेबलावर घ्यायची आणि मग कागद पुढे न्यायचा, अशी इथली पद्धत. तो आईला घेऊन आला.

सरस्वतीबाई लहानशा बांध्याच्या होत्या. चपला दाराबाहेर काढून आत आल्या, खुर्चीवर टेकल्या, आणि माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. घरात माय-लेकाचं बोलणं झालेलं दिसत होतं.

"पोरी," त्या रेणुकाला म्हणाल्या, "तुह्या मशीनवर काय येते ते वाच आधी."

जीवन नको म्हणत होता. मीही नको म्हणालो. पण रेणुका त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. तिने मशीन चालू केलं, जुनी फाईल उघडली आणि वाचलं. नाव वाचलं, वय वाचलं, पालनकर्ती आई वाचलं. रा. वर थांबली.

"रा. काय?" म्हातारीने विचारलं.

"अमडापूर," रेणुका म्हणाली.

सरस्वतीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसल्या. रस्त्यावर एक ट्रॅक्टर कांद्याची पोती घेऊन गेला.

"लय वेळ लागला तिले," त्या म्हणाल्या. "पाय लहान हायेत ना तिचे."

जीवनने तोंड फिरवलं. मग तो आईजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात समजावू लागला, की बाबाच्या नावावरचं वावर आपल्या नावावर व्हायला पाहिजे, साधी वारसाची नोंद आहे, अनुपमाही उद्या सही करून जाणार आहे. त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी रेणुकाला ते शपथेचं वाक्य वाचायला लावलं. रेणुकाने वाचलं, अन्य कोणीही वारस नाही.

"म्हणजे मले ते लेकरू झालंच नाई, असं मी लिहून देऊन राह्यली," म्हातारी म्हणाली. "शपथेवर." मग माझ्याकडे वळली. "तू शिकेल माणूस हायेस, बाबू. तू सांग. सही करू का नोको?"

इथे मी थांबायला हवं होतं. हे आईने ठरवायचं होतं, नाहीतर तिच्या मुलाने, मी कोण होतो? पण मला ते मशीन गप्प व्हायला हवं होतं. आठ टायपिस्टांच्या कानावर ही गोष्ट गेली की आठही मशीनवरून माझं लिनक्स उतरणार होतं, आणि एकोणीस वर्षांचं माझं प्रवचन त्याबरोबर उतरणार होतं. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, मावशी, जे नाही ते नाही. मशीनचं मनावर घेऊ नका. सही करा.

"तुले लेकरं किती?"

"नाई झाले आमाले," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मी सही केली तं ते कोनाच्या नावावर ऱ्हाईन? इतक्या दुरून आली, बाबू. कोनाच्या तरी नावावर पाह्यजे ना लेकरू."

ऊन पत्र्यातून आत उतरत होतं. जीवन माझ्याकडे बघत होता, रेणुका माझ्याकडे बघत होती, आणि मला तिथून निघायचं होतं.

"राहू द्या माह्या नावावर," मी म्हणालो. "तुम्ही सही करा."

म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. एखाद्याला घर नीट दाखवून झालं का हे बघावं तसं पाहिलं. मग पेन घेऊन प्रौढ साक्षरतेच्या वर्गातल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत सावकाश सही केली. उठल्या, चपला घातल्या आणि स्मशानातून परतताना माणसं मागे वळून बघत नाहीत तशा, न बघता गेल्या.

आम्ही पुन्हा त्या मशीनपाशी बसलो. ओळ नव्हती. बाण त्या वाक्यापाशी नेला, टिचक्या मारल्या, चाक दाबलं, काही उतरलं नाही. माऊसचं सेटिंग शब्दाबरहुकूम पाळलं जात होतं. रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही. मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं. घरी जाऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिने शेवटी एकच विचारलं, पोरीचं नाव काय? मी सांगितलं. तिने ते स्वतःशी एकदा उच्चारलं आणि भांडी घासायला गेली.

पाचव्या दिवशी, दुपारी बारा-साडेबाराला, मी चिखलीला माझ्या दुकानात एकटा होतो. दुरुस्त झालेल्या एका मॉनिटरवर चिकटवायला गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी टाइप करत होतो. माझं स्वतःचं मशीन, माझा स्वतःचा माऊस. नाव लिहून डावं बटण दाबलं.

‘छाया, वय ६, अज्ञान, पालनकर्ता अविनाश वामनराव, रा. अमडापूर, ह. मु. चिखली रोड.’

ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. तिच्या नावापुढचं हिंमतराव गेलं होतं. पालनकर्त्याच्या जागी मी होतो, वडिलांच्या नावासकट.

मी पुसलं. सेटिंग पाहिलं, मधलं बटण बंद होतं. माऊसची वायर काढली. तो हालचाली बघायचा प्रोग्रॅम लावला. एक आला. शून्यासाठी मी पडद्याला डोळे लावून बसलो, तो आला नाही.

रेणुकाकडून नंबर घेऊन जीवनला फोन केला. तो कागद परत घ्या, म्हणालो, फाडून टाका, आईला दुसरा लिहू द्या, मी स्वतः टाइप करून देतो. तो म्हणाला, कागद परवाच दाखल झाला. मग फोनवर काही खसफस झाली आणि सरस्वतीबाईंचा आवाज आला. त्यांनी माझी कुठलीच गोष्ट ऐकून घेतली नाही.

"तिले ऊन लागते, बाबू," त्या म्हणाल्या. "डोक्शाले रुमाल बांधत जाय."

फोन बंद झाला.

पडद्यावर ओळ पुन्हा उतरली होती.

‘रा. चिखली.’

मी मशीनची वीज बंद केली. पडदा काळा झाला. समोरच्या रस्त्यावर दुपारची सामसूम होती, पण मी रस्त्याकडे बघत नव्हतो. मी टेबलाकडे बघत होतो. माऊसच्या चाकावर एक मुंगी चढत होती.

दाराशी चाहूल लागली. किसनराव होते, निवृत्त मास्तर, वर्षभर एकाच प्रिंटरचं रडगाणं घेऊन येणारे. प्रिंटर दोन्ही हातांत धरून ते उंबऱ्यातच थांबले होते आणि खाली, आपल्या कमरेच्या उंचीला बघत होते.

"अविनाश," ते म्हणाले, "हे पोट्टी तुही हाये का बाप्पा? कवाची उन्हात उभी हाये."

नाही म्हणायचं होतं. पाच दिवसांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईला मी तेच लिहून द्यायला लावलं होतं, तेही शपथेवर. मी तोंड उघडलं. इतक्या दुरून आलेल्या पोरीला दारात उभं करून ते म्हणता येईना.

"हाव," मी म्हणालो. "माहीच हाये."

किसनराव प्रिंटर सावरत दारातून जरा बाजूला झाले, कुणीतरी आत जाईपर्यंत थांबले, आणि मग आत आले.